बोटीवरून विमानतळाकडे : पहिल्या सागरी सहलीचा अखेरचा टप्पा

सागरी प्रवास संपवून धक्क्यावर उतरलेल्या उतारूला पुढील वाहनापर्यंत वेळेवर कसे पोहोचवावे, हा प्रश्न मुंबई बंदराला नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात गोदीच्या खोदकामातून निघालेल्या भरावाने समुद्र मागे हटवून बॅलार्ड इस्टेटचा परिसर उभा राहिला. त्यालगतच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर आगगाडीचे स्थानकही होते. युरोपातून आलेली डाकेची बोट धक्क्याला लागली की, डाक आणि उतारू थोड्याच अंतरावर उभ्या असलेल्या गाडीत चढत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या हंगामात येथूनच पेशावरकडे निघत असे, तर इंपीरियल इंडियन मेल कलकत्त्याचा रस्ता धरीत असे. बोट आणि आगगाडी यांच्या वेळा एकमेकींशी बांधलेल्या होत्या. उतारूला स्वतः काही हिशेब करावा लागत नसे.

ते स्थानक केव्हाच इतिहासजमा झाले. आज त्याच परिसरात सागरी सहलीची जहाजे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘क्रूझ’ बोटी, लागतात. इंदिरा गोदीच्या परिसरातील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाकाठी दहा लाख प्रवाशांची ये-जा व्हावी अशा बेताने त्याची उभारणी झाली असून प्रवाशांच्या नोंदणीसाठी व पारपत्र तपासणीसाठी ७२ खिडक्यांची योजना आहे. तथापि, आजच्या प्रवाशाचे पुढील वाहन धक्क्यावर उभे नसते. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, विमानतळावर असते, आणि त्याची वेळ जहाजाच्या वेळेशी कोणीही बांधून दिलेली नसते. ही सांगड प्रवाशाला स्वतःच घालावी लागते.

नागपूर वा अन्य दूरच्या शहरातून आलेले, आयुष्यात प्रथमच बोटीवर पाऊल ठेवणारे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. सोबत वयोवृद्ध आईवडील आहेत, दोन-तीन वर्षांच्या बचतीतून सहल घडली आहे. परतीच्या विमानाचे स्वस्त तिकीट घेताना ‘बोट सकाळी सातला मुंबईत’ एवढेच वाचून सकाळी दहाचे विमान निवडले, तर सहलीचा शेवट बहुधा विमानतळाच्या बंद खिडकीपुढे होतो. स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत आणि ऐन वेळी घ्यावयाची नवी तिकिटे कित्येक पटींनी महाग पडतात. हा प्रसंग टाळण्यासाठी फार मोठ्या अनुभवाची गरज नाही. जहाज बंदरात आल्यापासून विमानाचे दार बंद होईपर्यंत काय काय घडते, एवढे आधी समजून घेतले की पुरे.

बोट लागणे आणि उतारू मोकळा होणे

कोकणच्या बोटीने प्रवास केलेल्या जुन्या पिढीला एक गोष्ट शिकवावी लागत नसे. बोट बंदरात आली म्हणजे माणूस घरी आला असे नव्हे. रत्नागिरी, वेंगुर्ले यांसारख्या बंदरांत बोट खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. पडाव भरून सुटेपर्यंत थांबावे लागे ते वेगळेच. आज मुंबईत जहाज थेट धक्क्याला लागते. तरीही धक्क्याला लागणे आणि उतारू मोकळा होणे यांत अंतर राहतेच.

बंदरात शिरणाऱ्या मोठ्या जहाजावर प्रथम बंदराचा पायलट, म्हणजे तेथील खोल-उथळ पाण्याचा जाणता वाटाड्या, चढतो. त्याच्या मार्गदर्शनाखाली आणि गरजेप्रमाणे टग बोटींच्या साहाय्याने जहाज धक्क्याशी आणले जाते. मग दोरखंड बांधले जातात आणि शिडी लावली जाते. यानंतर बंदराच्या अधिकाऱ्यांकडून उतरण्याची परवानगी मिळावी लागते. जहाज परदेशी बंदराला स्पर्श करून आले असल्यास आरोग्य, पारपत्र व सीमाशुल्क या तपासण्यांची त्यात भर पडते. केवळ देशातील बंदरांची सहल असेल तर पारपत्र तपासणीचा हा टप्पा टळतो आणि वेळ वाचतो.

परवानगी मिळाल्यावरही सर्व उतारू एकाच वेळी उतरत नाहीत. हजार-दोन हजार माणसे एका शिडीकडे धावली तर गोंधळच माजेल. म्हणून प्रवाशांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाला रंग अथवा क्रमांक देऊन क्रमाने बोलाविले जाते. पहिल्या आणि शेवटच्या गटात दोन तासांचे अंतर पडणे हे काही नवल नव्हे. आपला गट कोणता, हे आदल्या दिवशीच समजते. विमान गाठावयाचे असल्यास जहाजावरील स्वागतकक्षात विमानाची वेळ दाखवून आधीचा गट मागून घ्यावा. ही विनंती आदल्या दिवशी दुपारपर्यंत करावी. उतरण्याच्या दिवशी सकाळी तेथे रांग लागलेली असते.

आदली रात्र

सहलीची शेवटची रात्र करमणुकीची असते, पण तीच आवराआवरीचीही असते. बहुतेक जहाजांवर मोठ्या बॅगांना रंगीत पट्ट्या बांधून त्या रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत केबिनच्या दाराबाहेर ठेवण्यास सांगतात. कर्मचारी त्या रात्रीतच गोळा करतात आणि सकाळी टर्मिनलच्या दालनात रंगांप्रमाणे मांडून ठेवतात. या व्यवस्थेत हाती ओझे राहत नाही, मात्र आपल्या रंगाची हाक येईपर्यंत थांबावे लागते. ज्याला आपले सामान स्वतः उचलून नेणे शक्य आहे, त्याला अनेक जहाजांवर पहिल्या गटाबरोबर उतरता येते. घाई असलेल्या तरुण प्रवाशाने हा मार्ग पत्करावा. वृद्ध मंडळी व लहान मुले सोबत असलेल्यांनी पहिला मार्ग धरावा आणि त्याला लागणारा वेळ हिशेबात घ्यावा.

दाराबाहेर ठेवलेली बॅग सकाळपर्यंत पुन्हा हाती येत नाही. यास्तव ओळखपत्र, पारपत्र, विमानाची तिकिटे, पैसे, दागिने, रोजची औषधे, चष्मा आणि दुसऱ्या दिवशी अंगावर घालावयाचे कपडे व पादत्राणे हाताशी असलेल्या लहान पिशवीतच ठेवावीत. अंगावरील झोपेचे कपडे वगळून बाकी सर्व कपडे बॅगेत भरून मोकळा झालेला प्रवासी प्रत्येक सफरीत एखादा तरी भेटतोच, असे जाणकार सांगतात.

जहाजावरील खर्चाचा हिशेबही त्याच रात्री पाहावा. खाते बँकेच्या कार्डाशी जोडलेले असेल तर रक्कम आपोआप वळती होते, मात्र रोख अनामत ठेवणाऱ्यांना ती समक्ष मिटवावी लागते. बिलातील एखादी नोंद चुकीची वाटल्यास ती रात्रीच दाखवून द्यावी. भर समुद्रात मोबाइलला किनाऱ्यावरील जाळे मिळत नाही, आणि जहाजावरील उपग्रहजोडणी महाग असते. त्यामुळे विमान रद्द झाल्याचा किंवा वेळ बदलल्याचा निरोप आला तरी तो आपल्यापर्यंत पोहोचलेला नसतो. किनारा जवळ येताच फोन सुरू करून सर्वप्रथम विमानाची वेळ तपासावी.

कोणता विमानतळ?

आजवर मुंबईचे विमान म्हटले की सांताक्रूझ-सहारचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ एवढेच डोळ्यांपुढे येत असे. आता तसे राहिलेले नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. दोन्ही विमानतळ धक्क्यापासून अगदी निरनिराळ्या दिशांना आहेत. एक उत्तरेस उपनगरात आहे, तर दुसरा पूर्वेस खाडीपलीकडे उलवे-पनवेलच्या बाजूला आहे. चुकीच्या विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशाला दुसरीकडे जाऊन विमान गाठणे बहुधा शक्य होत नाही.

म्हणून तिकिटावर केवळ ‘मुंबई’ हा शब्द पाहून थांबू नये. जुन्या विमानतळाची खूण ‘बीओएम’ आणि नव्याची ‘एनएमआय’ अशी तीन अक्षरांत छापलेली असते, ती पाहावी. त्याशेजारी टर्मिनलचा क्रमांक असतो, तोही पाहावा. टॅक्सीचालकाला ‘विमानतळ’ एवढेच न सांगता विमानतळाचे नाव आणि टर्मिनल असे पूर्ण सांगावे.

अन्य बंदरांतही हीच दक्षता हवी. मुंबईहून निघणाऱ्या सहलींत गोवा व कोची ही नेहमीची बंदरे असून काही प्रवासी तेथेच उतरून विमानाने परततात. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागते. दाबोळी विमानतळ तेथून अगदी जवळ, वास्कोलगतच आहे. परंतु २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झालेला मोपा येथील विमानतळ पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गाच्या सीमेनजीक आहे. म्हणजे प्रवाशाला जवळजवळ सारा गोवा ओलांडावा लागतो. कोचीची कथा याहून बोलकी आहे. तेथे जहाज विलिंग्डन बेटावर लागते, आणि एके काळी प्रवासी विमानेही त्याच बेटावरील नौदलाच्या विमानतळावरून उडत. १९९९ साली नेडुंबासेरी येथे नवा विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून धक्का आणि विमान यांच्यामध्ये शहरातील वर्दळीचा लांबलचक रस्ता आला. जुन्या माहितीवर विसंबणाऱ्याची येथे फसगत होते.

धक्का ते विमानतळ

मुंबईत धक्क्यावरून जुन्या विमानतळाकडे जाण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला पूर्व मुक्त मार्गाचा. हा उन्नत रस्ता बंदराच्या लगत, ऑरेंज गेटपाशी सुरू होतो आणि वाटेतील सिग्नल टाळून चेंबूरच्या बाजूला नेतो. तेथून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने पश्चिमेकडे वळता येते. दुसरा मार्ग मरीन ड्राइव्हवरून सागरी किनारा रस्ता आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू यांवरून जातो. कोणता मार्ग त्या दिवशी मोकळा आहे, हे चालकाला व दूरध्वनीवरील नकाशाला अधिक कळते. सकाळच्या वेळी कचेऱ्यांकडे निघालेली गर्दी मुख्यतः दक्षिणेकडे येत असते, त्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्याला थोडी अनुकूलता असते. सायंकाळी मात्र नेमके उलटे घडते. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह या भुयारी रस्त्याचे काम हाती घेतलेले असल्याने या टापूत वाहतूक मंदावण्याची शक्यता धरावी.

तिसरा मार्ग भुयारी मेट्रोचा. कफ परेडपासून आरेपर्यंत ३३.५ किलोमीटर लांबीची मेट्रो-३ ही मार्गिका ९ ऑक्टोबर २०२५ पासून संपूर्ण लांबीवर प्रवाशांसाठी खुली झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे तिचे स्थानक असून धक्क्यावरून तेथवर टॅक्सीने थोड्या वेळात जाता येते. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांसाठी या मार्गिकेवर स्वतंत्र स्थानके आहेत. रस्त्यावर कितीही कोंडी असली तरी मेट्रोची वेळ ठरलेली असते, आणि भाडे टॅक्सीच्या मानाने फारच कमी पडते. एक-दोन सुटसुटीत बॅगा घेऊन निघालेल्यांना हा मार्ग उत्तम. चार मोठ्या पेट्या आणि वृद्ध माणसे असलेल्या कुटुंबाने मात्र टॅक्सीच करावी.

नव्या विमानतळाकडे जाणाऱ्यांना पूर्व मुक्त मार्गाने शिवडी आणि तेथून अटल सेतू हा सरळ मार्ग आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा सेतू २१.८ किलोमीटर लांबीचा असून त्याचा सुमारे साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर आहे. त्यावर पथकर द्यावा लागतो. दुचाकी व रिक्षा यांना तेथे प्रवेश नाही.

परगावच्या प्रवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, तेथे टॅक्सीच मिळते. शिवाय बंदराचा परिसर संरक्षित असल्याने कोणतेही वाहन कोठेही येऊन उभे राहू शकत नाही. नातेवाईक गाडी घेऊन येणार असतील अथवा मोबाइलवरून टॅक्सी बोलावयाची असेल, तर भेटीचे ठिकाण आधी ठरवून घ्यावे.

वेळेचा उलटा हिशेब

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ लोक जहाजाच्या वेळेपासून पुढे मोजत जातात. विमानाच्या वेळेपासून मागे मोजत येणे अधिक सुरक्षित होय.

उदाहरणादाखल दुपारी दोनचे देशांतर्गत विमान घेऊ. सामान देण्याच्या खिडक्या साधारणतः उड्डाणापूर्वी एक तास बंद होतात, आणि प्रवाशांनी दोन तास आधी यावे अशी कंपन्यांची अपेक्षा असते. म्हणजे बारा वाजता विमानतळावर पोहोचावयास हवे. रस्त्यासाठी दीड तास राखून ठेवला तर साडेदहाला टॅक्सीत बसले पाहिजे. सामान शोधणे, टर्मिनलबाहेर येणे आणि टॅक्सी मिळविणे यांसाठी पाऊण तास धरला, तर शिडीवरून पावणेदहाला उतरावे लागेल. जहाज सातला लागले आणि आपला गट शेवटच्या गटांपैकी असला, तरी ही वेळ सहसा साधते. तास-दीड तासाचा उशीर झाला तर जहाजावरून लवकर उतरून आणि रस्त्यातील वेळ वाचवून तोही भरून काढता येतो.

आता याच रीतीने सकाळी दहाचे विमान मोजून पाहावे. आठला विमानतळ, साडेसहाला टॅक्सी, पावणेसहाला शिडी. त्या वेळी जहाज धक्क्याला लागलेलेही नसते! परदेशी विमानासाठी दोनऐवजी तीन तास आधी पोहोचावे लागते, म्हणून सातला लागणाऱ्या जहाजावरून उतरून दुपारी तीनच्या आधीचे परदेशी विमान धरू नये. आणि ज्या विमानावर परदेशातील नोकरी, परीक्षा अथवा शस्त्रक्रियेची तारीख अवलंबून आहे, त्यासाठी एक रात्र मुंबईत मुक्काम करणे हा खर्च नसून विमाच होय.

जहाजाचे सामान, विमानाचे सामान

जहाजावर सामानाच्या वजनाची फारशी कटकट नसते. विमानात ती असते. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या सामान्य तिकिटावर माणशी १५ किलोपर्यंत सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलोपर्यंत हाती नेऊ देतात. जादा प्रत्येक किलोला दाम मोजावा लागतो. बंदरोबंदरी केलेली खरेदी या वेळी अंगावर येते. मोबाइल भरण्याची पॉवर बँक हाती असलेल्या सामानातच ठेवावी, चाकू-कात्री मात्र पोटातील सामानात ठेवावी. कोची अथवा लक्षद्वीपहून हौसेने आणलेले सुके खोबरे त्यातील तेलामुळे पेट घेऊ शकणारा पदार्थ मानले जाते, आणि ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातून नेण्यास मनाई आहे. ही सर्व फेररचना विमानतळाच्या रांगेत न करता जहाजावरच आदल्या रात्री करावी.

चाकांच्या खुर्चीची आवश्यकता असल्यास जहाज आणि विमान या दोन्ही ठिकाणी तिची नोंद स्वतंत्रपणे आणि आगाऊ करावी लागते. एकीकडे केलेली नोंद दुसरीकडे कळत नाही. समुद्रावर ‘बोट लागते’ हे सर्वांना ठाऊक आहे, पण काही दिवसांच्या प्रवासानंतर जमिनीवर आल्यावरही काही काळ पायाखालची भूमी हलत असल्याचा भास होतो. तो सहसा काही वेळात जातो. तोवर वृद्धांना शिडीवर व सरकत्या जिन्यावर हात द्यावा.

उशीर झालाच तर

हवामान, प्रवाशाचा आजार किंवा धक्का मोकळा नसणे अशा कारणांनी जहाजाला उशीर होऊ शकतो. जहाजाचे आणि विमानाचे तिकीट वेगवेगळे काढले असेल, तर जहाजाच्या उशिराची जबाबदारी विमान कंपनीवर येत नाही. सहलीच्या कंपनीमार्फतच विमानप्रवास ठरविला असल्यास पर्यायी व्यवस्था कोण करील, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी पाहून घ्यावे. तारीख बदलता येणारे तिकीट थोडे महाग असले तरी अशा वेळी उपयोगी पडते. प्रवासविमा घेताना ‘पुढील वाहन चुकल्यास’ भरपाई मिळते काय, ते कलम वाचावे. उशीर दिसू लागताच, विमान सुटण्याची वाट न पाहता, विमान कंपनीला कळवावे. उड्डाणापूर्वी तिकीट बदलणे शक्य असते, नंतर ते बहुधा वाया जाते.

बॅलार्ड पिअरवर कधी काळी रेल्वे आणि बोट कंपन्यांनी मिळून जी वेळेची सांगड घातली होती, ती आज प्रत्येक प्रवाशाला घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन घालता येते. त्यासाठी तिकीट काढण्यापूर्वीची पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. विमानतळाचे नाव पाहावे, वेळ मागे मोजावी आणि हाती दोन तास शिल्लक ठेवावेत. मग अखेरच्या सकाळी शिडीकडे धाव घेण्याऐवजी जहाजाच्या कठड्याशी उभे राहून मुंबईचा किनारा जवळ येताना निवांतपणे पाहता येईल. पहिल्या सागरी सहलीचा तोही एक भाग आहे, आणि त्याचे पैसे आपण आधीच भरलेले असतात.